पुरेल तो पुरावा

पोलादपूरच्या एका सरकारी कचेरीत, पागोळ्या अखंड गळत असलेल्या एका श्रावणी सकाळी, काखेत कापडी पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले जुने उतारे घेऊन आलेल्या एका वृद्ध कुळवाड्याचे आणि तेथील कारकुनाचे जे संभाषण माझ्या कानांवर पडले, ते या लेखाचे निमित्त होय.

“आजोबा, जन्माचा पुरावा काय आहे तुमच्याकडं?”

“भाऊसाहेब, मी हा तुमच्याम्होरं उभा हाय. आणखी कंचा पुरावा पायजे?”

“उभे आहात ते दिसतंय मला. पण दाखला लागतो. शाळेचा तरी?”

“शाळंचं तोंड बघितलंच न्हाय.”

“मग कोणी साक्षीदार?”

“माझ्या जल्माचे साक्षीदार समदे वर गेले.”

कारकून हसला, आणि हसता हसता त्याने जे उत्तर दिले ते मोठे मार्मिक होते. “माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण माझ्या विश्वासावर फाइल पुढं सरकत नाही.”

म्हाताऱ्याबरोबर आलेला नातू कॉलेजात जाणारा असावा, हातातल्या इंग्रजी तक्त्यावर बोट ठेवून त्याने विचारले, “साहेब, इथं नुसतं ‘एव्हिडन्स’ असं छापलंय. म्हणजे यांतलं नेमकं काय?” कारकुनाने खांदे उडवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली, परंतु प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुरावा, दाखला, साक्ष आणि विश्वास हे चार शब्द त्या चार वाक्यांत चार निरनिराळ्या अर्थांनी येऊन गेले होते, आणि एकाच्या जागी दुसरा घातला असता तर त्या संवादाचा सगळा कस निघून गेला असता.

इंग्रजी शब्दाचे मूळ आधी पाहू. ‘एव्हिडन्स’ हा शब्द लॅटिन भाषेतील पाहणे या अर्थाच्या ‘विडेरे’ या क्रियापदापासून निघालेला असून, जे डोळ्यांना स्पष्ट दिसते ते, असा त्याचा मूळचा आशय आहे. या ‘विडेरे’चे आणि आपल्या ‘विद्’ या धातूचे कूळ एकच. म्हणजे ज्या धातूपासून आपल्याकडे वेद, विद्या आणि विद्वान हे शब्द झाले, त्याच्याच दूरच्या भावंडापासून युरोपातील न्यायालयांना हा शब्द मिळाला. त्याचा सोबती ‘प्रूफ’ हा मात्र पारखणे, कसोटीला लावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा वंशज आहे. म्हणून काटेकोर इंग्रजीत एव्हिडन्स ही सामग्री ठरते आणि प्रूफ हे त्या सामग्रीचे फलित. आपण मराठीत दोहोंनाही पुरावा म्हणून मोकळे होतो; तथापि हा भेद दाखवण्याची सोय आपल्याकडे नाही असे मात्र नाही, कारण फलितासाठी शाबिती आणि सिद्धता हे दोन शब्द आपल्या पदरी आहेत. पुरावा दिला जातो, शाबिती होते. आणि पुरावा ढीगभर देऊनही शाबिती होत नाही, हा तर कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. साक्षी या शब्दात अक्षी आहे, म्हणजे डोळा. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. प्रमाणात मापन आहे. शाबीत आणि सबूत हे अरबीतून फारसीच्या वाटेने आले असून त्यांच्या मुळाशी स्थिर असणे, ठाम उभे राहणे असा अर्थ आहे. दाखला हा दाखल या शब्दाचा सोयरा. जे दप्तरात दाखल झाले, ज्याची नोंद पडली, त्याचा तो दाखला, आणि म्हणूनच दप्तराबाहेर जन्मलेल्या आमच्या आजोबांना तो मिळेना. पुरावा हा या सगळ्यांत अस्सल देशी शब्द, पुरणे आणि पुरवणे या क्रियापदांच्या कुळातला. ताटातले अन्न पुरते, वर्षाचे भात पुरते, तसे जे सांगितले त्याला जे पुरते ते पुरावा. इंग्रजी शब्दाची भिस्त दिसण्यावर आहे. आमच्या शब्दाची पुरण्यावर. आजोबा दिसत होते, पण पुरत नव्हते.

विश्वासाच्या बाजूचे गोत याहून मोठे आहे. श्रद्धा या शब्दाचा आणि ‘क्रेडिट’, ‘क्रीड’ इत्यादी इंग्रजी शब्दांचा उगम भाषाशास्त्रज्ञ एकाच प्राचीन मूळशब्दात दाखवतात. विश्वासाच्या पोटात श्वास आहे; ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. खातरजमा या शब्दात खातर म्हणजे मन आणि ते जमा होणे, सैरभैर असलेले मन एके ठिकाणी येऊन बसणे, असे सुंदर चित्र दडलेले आहे. इतबार व्यवहारातला, भरवसा घरातला, निष्ठा तत्त्वाशी, आणि प्रतीती स्वतःच्या अनुभवाची. विश्वासराव पेशवे १७६१ साली पानिपतावर पडल्यापासून ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी मराठी माणूस करीत आला आहे. पुरावा पानिपतात गेला असे मात्र कोणी म्हणत नाही, कारण पुरावा गेला तर तो शोधता येतो, विश्वास गेला की गेला.

हे सर्व शब्द आपल्याकडे केवळ कोशात नव्हते, ते निवाड्यात वापरात होते. धर्मशास्त्रकारांनी वादाच्या निर्णयासाठी लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तीन मानुष प्रमाणे सांगितली, आणि ती तिन्ही अपुरी पडली तर दिव्य. मराठेशाहीतील गोतसभा, मजालसी आणि त्यांचे महजर पाहिले तर हीच व्यवस्था फारसी पोशाखात वावरताना दिसते. आधी उभय पक्षांच्या तकरिरी, मग कागदपत्र, मग भोगवटा, मग साक्षीमोझा. आणि एवढ्याने निकाल न लागल्यास रवादिव्य, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून तीवर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी हात उघडून तो भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवायचे. आज हे वाचताना अंगावर शहारा येतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिव्य हे शेवटचे साधन होते. कागद, कबजा आणि साक्षीदार संपल्यावरच माणसे देवाच्या दारात जात. श्रद्धेला त्यांनी पुराव्याच्या रांगेत बसवले खरे, पण सर्वांत मागे.

महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाल्यानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारे सुमारे १४०० शब्दांचे ते भांडार रघुनाथपंडितांच्या हातून सिद्ध झाले, हे सर्वश्रुत आहे. मौज अशी, की गडावरच्या कोशाने संस्कृत शब्द दिले, तरी गडाखालच्या कचेऱ्यांनी दस्तऐवज, कैफियत, फिर्याद आणि पंचनामा हे शब्द आजतागायत सोडलेले नाहीत. वकील सरतपास आणि उलटतपास घेतो, कागदावर निशाणीचा आकडा पडतो, मुद्देमाल हजर होतो, आणि निकालपत्रात मात्र ‘सिद्ध’ हा शब्द येतो. पर्यायी शब्द एकमेकांना हाकलून देत नाहीत. ते आपापले काम वाटून घेतात.

ब्रिटिश अमदानीत जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने रचलेला पुराव्याचा कायदा १८७२ च्या १ सप्टेंबरला अमलात आला, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली; परंतु स्टीफनने केलेली एक व्याख्या नव्या कायद्यातही कायम राहिली आहे आणि ती सामान्य वाचकानेही समजून घ्यावी अशी आहे. एखादी गोष्ट शाबीत झाली असे केव्हा म्हणावे? समोर आलेल्या बाबींचा विचार करून न्यायालयाचा तीवर विश्वास बसला, किंवा ती इतकी संभाव्य वाटली की शहाण्या माणसाने ती आहे असे धरूनच वागावे, तेव्हा. म्हणजे कायद्यालाही शाबितीची व्याख्या करताना विश्वासाचाच आधार घ्यावा लागला. भेद एवढाच, की हा विश्वास आधी असून चालत नाही, तो पुराव्याच्या मागून यावा लागतो. याच कायद्याने तीन खाने केले: शाबीत झाले, खोटे ठरले, आणि शाबीत झाले नाही. तिसरा खाना वरवर पाहता दुबळा वाटतो. त्याचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर पोलादपूर सोडून महाडला यावे लागते.

महाडचे चवदार तळे हे आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने, १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर आणि तळे पूर्ववत, अशी स्थिती राहिली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा असे ठरले. तो होऊ नये म्हणून महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हुकूम मानून तळ्यावर जाणे थांबवले. २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि पाण्याचा प्रश्न कोर्टात गेला.

पुराव्याच्या दृष्टीने हा दावा विलक्षण होता. वादींचे म्हणणे थोडक्यात असे, की तळे खाजगी स्वरूपाचे असून त्याचे पाणी केवळ स्पृश्यांनी वापरावे असा रिवाज अनादी काळापासून चालत आला आहे. यातील खाजगी मालकीचे म्हणणे टिकले नाही, आणि मग सारा भार पडला तो रिवाजावर. १९२७ पूर्वी अस्पृश्य मंडळी या तळ्यावर पाणी भरत नव्हती, ही गोष्ट तर कोणीच नाकारत नव्हते. मग आणखी काय शाबीत करावयाचे राहिले, असे गावातील कोणाही माणसाला वाटले असते. गावाचा विश्वास असा, की जे कधी झाले नाही ते होऊ नये हाच कायदा.

पण न्यायालयाचा प्रश्न वेगळा होता. कोणी पाणी भरत नव्हते ही वस्तुस्थिती. कोणाला पाणी भरू न देण्याचा हक्क होता हे अनुमान. शितावरून भाताची परीक्षा करता येते हे खरे, परंतु शीत आणि भात एकाच भांड्यातले असावे लागतात. इंग्रजी कायद्यात अनादी या शब्दाची मर्यादा ११८९ सालापर्यंत नेऊन ठेवलेली होती. हिंदुस्थानात तेवढा काटेकोरपणा कोणी मागितला नाही, तरी रिवाज स्मरणापलीकडचा, अखंड आणि निश्चित असला पाहिजे एवढे तरी दाखवावेच लागे. साक्षीदार कितीही वयोवृद्ध असला तरी तो आपल्या हयातीपुरतेच सांगणार, आणि तळे तर किमान अडीचशे वर्षांचे असल्याचे उभयपक्षी मान्य होते. त्या अडीचशे वर्षांच्या आरंभी काय होते याचा कागद कोणाजवळ नव्हता.

महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा काढून टाकला. ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये तोच निकाल कायम राहिला. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे दुसरे अपीलही फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. त्यांचे निकालपत्र वाचताना त्यांनी तळ्याकडे किती बारकाईने पाहिले आहे याचे नवल वाटते. चार-पाच एकरांचे, पावसाने आणि झऱ्यांनी भरणारे, बरेचसे नैसर्गिक असे हे तळे. भोवती नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची आणि थोडी मुसलमानांची घरे. ज्या पाण्यावर मुसलमानांनाही मज्जाव नव्हता, आणि जे एवढे मोठे व उघडे होते, ते विटाळाच्या भीतीने पहिल्यापासून राखून ठेवले असेल काय? तळ्याभोवती स्पृश्यांच्या घरांचा वेढा पडण्यापूर्वी असा मज्जाव करण्याचे कोणाच्या मनात तरी आले असेल काय? या शंकांचे निरसन होईल असे काहीच समोर नव्हते. सबब रिवाज शाबीत झाला नाही. तो शाबीत झाला असता तर तो न्याय्य आहे काय, लोकहिताला धरून आहे काय, याचा विचार करावा लागला असता, असेही त्यांनी नमूद करून ठेवले. पण तेथवर जाण्याची गरजच पडली नाही.

या निकालाने अस्पृश्यता अन्याय्य आहे असे घोषित केले नाही. ते काम २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने केले. काहींना म्हणून हा विजय कोरडा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवणारी एक समजूत प्रथमच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी केली गेली, तिला तिचे वय विचारले गेले, आणि तिला ते सांगता आले नाही. ती खोटी ठरली असे कोणी म्हटले नाही. ती पुरली नाही, एवढेच. आणि तेवढे पुरले.

याचा अर्थ विश्वास हा हीन आणि पुरावा तेवढा श्रेष्ठ, असा कोणी करू नये. महाड तालुक्यातच शिवथरची घळ आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती उजेडात आणली, आणि समर्थ रामदासांनी दासबोध येथेच रचला अशी श्रद्धा धरून पावसाळ्यात, शेजारचा धबधबा गर्जत असताना, माणसे तेथे जातात. त्या ग्रंथात समर्थांनी शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती अशा तीन प्रतीतींचा मेळ मागितला आहे: ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, आणि माझ्याही अनुभवाला आले आहे. लिखित, साक्षी आणि भुक्ती या निवाड्यातील तीन प्रमाणांशी याचे किती जवळचे नाते आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. परमार्थातही समर्थांना निव्वळ भाबडेपणा पसंत नव्हता; मनाची खातरजमा झाल्यावाचून त्यांनी पाऊल पुढे टाकू दिले नाही.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. सिंहगडाच्या कड्यावर दोर लावणारी यशवंती घोरपड पोवाड्यात आहे, समकालीन कागदांत ती सापडत नाही. म्हणून उमरठच्या पोराने ती गोष्ट आजीकडून ऐकू नये काय? अवश्य ऐकावी. तानाजींनी ४ फेब्रुवारी १६७० च्या सुमारास गड घेताना देह ठेवला, हा इतिहास आहे. घोरपड ही आख्यायिका आहे. आणि आख्यायिका या शब्दाची सोय आपल्या भाषेने एवढ्यासाठीच करून ठेवली आहे, की प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीला खोटी म्हणण्याची पाळी येऊ नये आणि तिला पुरावाही म्हणावे लागू नये.

पुरावा कधी कधी निर्दयही होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. मोठ्या प्रमाणावर माणसे गाडली गेली, काही दिवसांच्या शोधानंतर काम थांबवावे लागले, आणि जी सापडली नाहीत त्यांना मृत मानण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. एरवी कायदा असा, की सात वर्षे ज्याची खबर नाही तोच मेला असे धरता येते. घरासकट घरची माणसे मातीखाली गेलेली ज्याने पाहिली, त्याला सात वर्षांचा हिशेब कोण सांगणार? तेथे कायद्याच्या मुदतीहून शहाण्या माणसाची समज मोठी ठरली, आणि दाखला पुराव्यासाठी थांबून राहिला नाही.

तेव्हा त्या कॉलेजकुमाराच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तक्त्यावरच्या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत एकच शब्द शोधत बसू नये. तोंडाने सांगितले ती साक्ष, दप्तरातून निघाला तो दाखला, हाती आला तो दस्तऐवज, यांतून जे बांधले गेले तो पुरावा, तो पुरला म्हणजे शाबिती, आणि या सर्वांच्या अखेरीस मनात जे उतरते ती खात्री. विश्वास, श्रद्धा आणि भरवसा यांची घरे पलीकडच्या आळीत आहेत. तेथे जावे, बसावे, चहाही घ्यावा, पण तेथून दाखला आणू नये. कारकून आजोबांशी निष्ठुरपणे वागला असे मला म्हणूनच वाटले नाही. ज्या नियमाने त्याचा विश्वास फाइलीला चालत नव्हता, त्याच नियमाने महाडच्या सुखवस्तू घरांचा विश्वासही कोर्टाला चालला नव्हता. आणि तो निकाल हाती येण्यास दावा दाखल झाल्यापासून नऊ वर्षे, तीन महिने आणि पाच दिवस लागले होते.